तरुण घोड्यांच्या शोजंपिंग स्पर्धा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शोजंपिंग म्हणजे रिंगणात मांडलेले अडथळे घोड्यावर बसून, पोल न पाडता ओलांडण्याची स्पर्धा. चार ते सात वर्षांचा घोडा पहिल्यांदा रिंगणात उतरवायचा म्हटलं की घोडेस्वार, मालक आणि मोतद्दार यांच्याकडून हेच प्रश्न फिरून फिरून येतात. प्रत्येक देशाच्या महासंघाचं नियमपुस्तक थोडंफार वेगळं असतं. खाली एफईआय असं लिहिलंय तिथे आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाचा नियम समजावा. बाकी बाबतीत प्रवेशपत्रिका भरण्याआधी त्या स्पर्धेचं माहितीपत्रक वाचलेलं बरं.

'तरुण घोडा' नक्की कोणाला म्हणतात?

४, ५, ६ आणि ७ वर्षांच्या घोड्याला. एफईआयच्या तरुण घोड्यांच्या स्पर्धांत काही वर्ग ८ वर्षांपर्यंत जातात. वय जन्मतारखेवरून नाही, जन्मवर्षावरून मोजतात. उत्तर गोलार्धातला घोडा दर १ जानेवारीला एका वर्षाने मोठा होतो, दक्षिण गोलार्धातला १ ऑगस्टला. म्हणजे फेब्रुवारीत जन्मलेला आणि जुलैत जन्मलेला, दोघे एकाच वर्गात. सातव्या वर्षी त्या पाच महिन्यांना काही अर्थ राहत नाही. चौथ्या वर्षाच्या सुरुवातीला मात्र उशिरा जन्मलेला घोडा पाठीने, छातीने आणि तोलाने मागे असल्याचं नुसतं पाहूनही कळतं. कागदावर वय एक आहे म्हणून दोघांचं वेळापत्रक एक ठेवू नका.

१.१० मीटरचा साधा वर्ग आणि ५ वर्षांच्या घोड्यांचा १.१० चा वर्ग, यात फरक काय?

उंची तीच, हेतू वेगळा. साध्या वर्गात कोर्स डिझायनरला, म्हणजे अडथळ्यांचा मार्ग आखणाऱ्याला, घोड्यांमध्ये क्रमवारी लावायची असते, म्हणून तो अवघड वळणं, फसवी अंतरं, घाई करायला लावणाऱ्या रेषा ठेवतो. तरुण घोड्यांच्या कोर्सवर पहिले दोन अडथळे सोपे आणि शक्यतो रिंगणाच्या दाराच्या दिशेने जाणारे असतात, कारण घोडा दाराकडे आपसूक ओढला जातो. वळणं रुंद, अंतरं सरळ, जमिनीलगतचा पोल प्रत्येक अडथळ्याला. कॉम्बिनेशन, म्हणजे एकापाठोपाठ जवळजवळ मांडलेले अडथळे, कोर्सच्या उत्तरार्धात येतं, तोवर घोडा कॅंटरमध्ये, म्हणजे हलक्या दौडीत, स्थिरावलेला असतो. चांगल्या डिझायनरच्या ४ वर्षांच्या कोर्सवर निम्म्याहून जास्त घोडे एकही पोल न पाडता बाहेर येतात. तो कोर्स हलका झाला असं कोणी म्हणू नये.

कोणत्या वयाला किती उंची?

देशागणिक पाच-दहा सेंटिमीटरचा फरक पडतो, पण साधारण चित्र असं :

- ४ वर्षं : १.०० ते १.१० मीटर
- ५ वर्षं : १.१० ते १.२०, हंगामाच्या शेवटी थोडं वर
- ६ वर्षं : १.२० ते १.३०, अंतिम फेरीत १.३५ च्या आसपास
- ७ वर्षं : १.३० ते १.४०, मोठ्या अजिंक्यपदात त्याहून थोडं जास्त

उंचीपेक्षा रुंदीकडे लक्ष द्या. १.१० चा व्हर्टिकल (सरळ उभा अडथळा) सहज मारणारा घोडा १.१० उंच आणि १.२० रुंद ऑक्सरवर (पुढे-मागे पोल असलेल्या रुंद अडथळ्यावर) पहिल्यांदा गडबडतो. त्याला वर जायचं कळलेलं असतं, पलीकडे पोचायचं अजून कळलेलं नसतं. घरी उंची वाढवण्याआधी रुंदी वाढवा आणि ऑक्सरचा मागचा पोल पुढच्यापेक्षा ५ ते १० सेंटिमीटर वर ठेवा. अशा चढत्या ऑक्सरवर घोड्याच्या उडीला आपोआप गोलाई येते.

गुण कसे मोजतात?

मुख्यतः तीन पद्धती. पहिली नेहमीची : पोल पाडला की ४ दंडगुण, पहिल्यांदा अडला की ४, एफईआयच्या नियमात दुसऱ्यांदा अडला की बाद, आणि स्वार किंवा घोडा पडला तर थेट बाद. वेळेचे दंड वेगळे. काही देशांच्या खालच्या वर्गांत मात्र तिसऱ्या नकारापर्यंत मुभा असते.

दुसरी पद्धतही दंडगुणांचीच, पण घड्याळाशी शर्यत नाही. दिलेल्या वेळेत निर्दोष फेरी केलेले सगळे घोडे बरोबरीत. ४ आणि ५ वर्षांसाठी फ्रान्समध्ये हीच रीत आहे आणि आमच्या मते या वयाला तीच सगळ्यात शहाणी. वेगाला बक्षीस नसलं की स्वार वळण कापत नाही.

तिसरी पद्धत शैलीच्या गुणांची, जर्मनीत रुळलेली. परीक्षक ० ते १० मध्ये गुण देतात आणि त्यातून कापतात : प्रत्येक पडलेल्या पोलमागे ०.५, पहिल्या नकाराला ०.५, दुसऱ्याला १.०, तिसऱ्याला बाद. आता हिशोब करा. ८.४ मिळालेल्या घोड्याने एक पोल पाडला तर ७.९ उरतात, आणि एकही पोल न पाडलेल्या पण ७.६ च्या घोड्याच्या तो पुढे राहतो. नव्या मालकांना हे पटत नाही, तक्रारी येतात. पण परीक्षक आजच्या फेरीइतकाच हा घोडा पुढे काय होईल तेही पाहत असतो.

शैलीत परीक्षक नेमकं काय पाहतात?

उडीच्या आधीचा कॅंटर सगळ्यात आधी : लय एकसारखी आहे का, मागचे पाय अंगाखाली येतात का, स्वाराने आवर म्हटल्यावर घोडा तोंड न उघडता आवरतो का. मग उडी. पुढच्या पायाचा वरचा भाग जमिनीला समांतर किंवा त्याहून वर यावा, दोन्ही गुडघे जोडीने यावेत, खालचा पाय घट्ट दुमडावा. एक गुडघा खाली लोंबकळणं ही गंभीर चूक, कारण घन अडथळ्यावर तीच धोक्याची ठरते. अडथळ्याच्या माथ्यावर मान पुढे आणि खाली जावी, आयाळीच्या मुळाशी खांद्यांचा उंचवटा सगळ्यात वर दिसावा, पाठ कमानीसारखी व्हावी. आणि शेवटी मागचे पाय : ते पोटाखाली चिकटून न राहता मागे उघडावेत.

सावधपणालाही गुण आहेत. पोलला जरा खूर लागला आणि पुढच्या अडथळ्यावर घोड्याने चार बोटं जास्त उडी घेतली, तर परीक्षकाच्या लेखणीला ते कळतं. जास्तच घाबरून दोन फूट वर जाणारा घोडा प्रेक्षकांना आवडतो. जाणकार तिथे जरा थांबून विचार करतात, कारण भीतीने घेतलेली उडी दहाव्या स्पर्धेपर्यंत टिकतेच असं नाही.

४ वर्षांच्या घोड्याचं शरीर यासाठी तयार असतं का?

थोडं. पायाची खालची हाडं लवकर पक्की होतात. गुडघ्याच्या वरची वाढपट्टी, म्हणजे हाड जिथून लांब वाढतं तो कूर्चेचा थर, साधारण दोन ते अडीच वर्षांत बंद होते. मणक्यांची वाढ मात्र पाचव्या वर्षापुढेही चालू असते. म्हणून ४ वर्षांच्या घोड्यात आधी थकते ती पाठ. फेरीच्या शेवटी तो मान वर करतो, पाठ पोकळ करतो, मागच्या पायाने पोल पाडतो, आणि लोक त्याला आळशी ठरवतात.

दातांकडे तर कोणी बघतच नाही. पुढचे कायमचे दात अडीच, साडेतीन आणि साडेचार वर्षांच्या सुमारास येतात, आणि त्याच काळात दाढांवरच्या दुधाच्या टोप्या सुटतात. टोपी अर्धवट सुटलेली असताना घोडा एका बाजूला वळायला नकार देतो, डोकं झटकतो, बिट (लगामाचा तोंडातला धातूचा तुकडा) चावतो. स्वार बिट बदलत बसतो. चौथ्या आणि पाचव्या वर्षी दर सहा महिन्यांनी दंतवैद्याकडून तोंड तपासून घेतलं की असे निम्मे 'स्वभावदोष' निघून जातात.

पहिल्या स्पर्धेआधी घोड्याला काय यायला हवं?

- दोन्ही हातांवर, म्हणजे डावीकडे आणि उजवीकडे, सांगितल्याबरोबर योग्य पायाने कॅंटर सुरू करणं
- कॅंटरचा स्ट्राइड, म्हणजे ढांग, लांब आणि आखूड करणं, तोही लय न मोडता
- उडीनंतर सरळ रेषेत चालत राहणं आणि पाच-सहा स्ट्राइडमध्ये आवरणं
- फळ्या, फुलांचे डबे, भिंत, रंगीत पाट्या ओळखीच्या असणं
- अनोळखी घोडे समोरून, बाजूने, मागून जात असताना न उधळणं
- ट्रेलरमध्ये शांत चढणं आणि परक्या तबेल्यात पाणी पिणं

शेवटचा मुद्दा गमतीचा वाटेल, पण पहिल्या दौऱ्यात पोटशूळ होणाऱ्या घोड्यांत पाणी न प्यायलेले बरेच असतात. घरच्या पाण्याचे दोन कॅन सोबत न्या आणि हळूहळू परकं पाणी मिसळा. गाडीत डोकं फार उंच बांधू नका. डोकं खाली घेता आलं नाही तर श्वासनलिकेतला मळ बाहेर पडत नाही आणि लांबच्या प्रवासानंतर फुप्फुसाचा ताप येऊ शकतो. पोचल्यावर पुढचे दोन-तीन दिवस सकाळ-संध्याकाळ तापमान घ्या. ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सिअस ठीक, त्यावर गेलं तर पशुवैद्य.

घरी अडथळ्यांमधली अंतरं किती ठेवावीत?

आधी हिशोब समजून घ्या. मोठ्या घोड्याचा स्पर्धेतला कॅंटर स्ट्राइड सुमारे ३.६० मीटर धरतात. ९० सेंटिमीटरचं एक पाऊल टाकायची सवय करा, म्हणजे चार पावलं एक स्ट्राइड. अडथळ्यानंतर उतरायला दोन पावलं आणि पुढच्या अडथळ्याआधी उठायला दोन, मिळून आणखी चार. म्हणून दोन अडथळ्यांमध्ये २० पावलं, म्हणजे १८ मीटर असतील तर चार स्ट्राइड. २४ पावलं, २१.६० मीटर, पाच स्ट्राइड. कॉम्बिनेशनमध्ये एका स्ट्राइडला साधारण ७.५० ते ७.८०, दोन स्ट्राइडला १०.५० ते १०.८०.

हे सगळं कॅंटरमधून येताना. ट्रॉटमधून, म्हणजे दुडक्या चालीतून आलात तर घोडा अडथळ्याजवळ उतरतो आणि अंतर कमी लागतं. ट्रॉटमधल्या व्यायामासाठी :

- जमिनीवरचे ट्रॉटचे पोल : १.३० ते १.४० मीटरवर
- पहिल्या फुलीच्या (दोन तिरपे पोल एकमेकांवर लावलेल्या छोट्या अडथळ्याच्या) आधी ठेवायचा पोल : सुमारे २.२० ते २.४०
- फुलीपासून व्हर्टिकल, मध्ये एक स्ट्राइड : ५.५० ते ६.००
- तिथून ऑक्सर, पुन्हा एक स्ट्राइड : ६.५० ते ६.८०

सगळ्यात जास्त होणारी चूक : ट्रॉटमधून यायचं आणि अंतर मात्र ७.५० चं ठेवायचं. मग घोडा एकतर ताणून, सपाट उडी मारतो, नाहीतर मध्ये दुसरा छोटा स्ट्राइड घुसवून अडथळ्याच्या पोटात शिरतो. दोन्हीत पोल पडतो आणि खापर घोड्यावर. आखूड चालीच्या घोड्यासाठी अंतरं २० ते ३० सेंटिमीटरने कमी करून सुरुवात करा, आणि जमिनीवर टेप घेऊन मोजणारा एक माणूस ठेवाच. नजरेच्या अंदाजात अर्धा मीटर सहज इकडचा तिकडे होतो.

कोणती कागदपत्रं लागतात?

ओळखपत्र म्हणजे घोड्याचा पासपोर्ट, त्यातल्या नोंदीशी जुळणारी मायक्रोचिप आणि इन्फ्लुएंझाच्या लसींची अखंड नोंद. एफईआयच्या स्पर्धेसाठी शेवटची लस ६ महिने अधिक २१ दिवसांच्या आत दिलेली हवी, आणि स्पर्धास्थळी पोचण्याच्या आधीच्या ७ दिवसांत दिलेली नको. तारखांचा हिशोब चुकला तर घोडा दारावरूनच परततो. चिपचा नंबर पासपोर्टशी घरीच स्कॅन करून ताडून पाहा.

साहित्यावर काय बंधनं आहेत?

तरुण घोड्यांच्या बऱ्याच वर्गांत साधं स्नॅफल, म्हणजे सौम्य प्रकारचं बिटच चालतं. कडक बिट, चेन, रिंगणात ओढलगाम नाही. चाबूक एफईआयच्या नियमात ७५ सेंटिमीटरपेक्षा लांब नको. मागच्या पायाच्या बूटवर विशेष नजर असते : आतली लांबी जास्तीत जास्त १६ सेंटिमीटर, आणि पायावर चढवलेल्या सगळ्या साहित्याचं वजन ५०० ग्रॅमच्या आत. या नियमामागे कारण आहे. घट्ट आवळलेला किंवा आत टोचणारा बूट घोड्याला मागचे पाय जास्त उडवायला लावतो, आणि ती उडी खोटी असते. परीक्षक बूट काढून आत बोट फिरवून बघतात. बरगडीवर टाचेने रक्त आलं तर शिक्षेपलीकडे नामुष्कीही आहेच.

गवतावर स्पर्धा असेल तर नालबंदाला आधीच सांगून नालेत स्टडची, म्हणजे पाय घसरू नये म्हणून बसवायच्या खुंट्यांची, भोकं पाडून घ्या. कोरड्या कडक जमिनीला छोटे टोकदार, ओल्याला मोठे. तरुण घोड्याला मोठे स्टड घालण्याचा मोह आवरा, कारण पाय एकदम रुतून थांबला की झटका सांध्याला बसतो.

कोर्स पायी फिरताना काय बघायचं?

पावलं मोजणं सगळेच करतात. त्याशिवाय घोड्याच्या डोळ्यांच्या उंचीवरून बघा. घोड्याला निळा आणि पिवळा रंग चांगला कळतो, तांबडा आणि हिरवा जवळपास सारखा. त्यामुळे हिरवळीवर केशरी जमिनीलगतचा पोल तुम्हाला उठून दिसतो, त्याला नाही. पांढरी फळी किंवा निळी पाट त्याला लांबूनच टोचते. सावली पाहा, विशेषतः अडथळा उजेडात आणि उतरायची जागा झाडाच्या काळोखात असेल तर. जाहिरातीचे फडकणारे कापड, परीक्षकांची खोली, लाऊडस्पीकर कुठे आहेत ते लक्षात ठेवा, आणि घोडा कुठे बुजेल याचा अंदाज घेऊन त्या वळणावर आतल्या पायाने आधार द्यायचं ठरवून ठेवा.

दिलेली वेळही काढता येते. कोर्स ४२० मीटरचा आणि वेग मिनिटाला ३५० मीटर, तर ४२० भागिले ३५० म्हणजे १.२ मिनिटं, ७२ सेकंद. कमाल मर्यादा त्याच्या दुप्पट, १४४ सेकंद. शांत, लयीत केलेली फेरी ७२ सेकंदांत बसते, पण वळणावर ट्रॉटमध्ये आलात आणि पुन्हा कॅंटर घेतला तर तीन-चार सेकंद जातात.

वॉर्म-अप कसा करावा? किती उड्या?

पोलावरून एकूण जास्तीत जास्त आठ ते दहा उड्या, बस. तरुण घोड्याची फेरी जितकी रिंगणात बिघडते, तितकीच वॉर्म-अपमध्ये बिघडते.

प्रत्येक घोड्याला फेरीसाठी साधारण दोन मिनिटं लागतात, हे धरून उलटा हिशोब मांडा. घोड्यावर बसल्यावर दहा मिनिटं मोकळ्या लगामाने चालवा. हे कंटाळवाणं असतं आणि नेमकं हेच लोक गाळतात. मग पाच-सहा मिनिटं ट्रॉट, दोन्ही बाजूंना कॅंटर, त्यात चार-पाच वेळा पुढे सोडणं आणि आवरणं. पुन्हा थोडं चालणं. तुमच्या आधी आठ-नऊ घोडे उरले की उड्यांना सुरुवात :

- साधी फुली, दोनदा
- व्हर्टिकल ८० सेंटिमीटर, मग ९५
- ऑक्सर ९० उंच आणि तितकाच रुंद, मग वर्गाच्या उंचीला
- शेवटी वर्गाच्या उंचीचा एक व्हर्टिकल

बुजरा घोडा असेल तर शेवट व्हर्टिकलऐवजी मोठ्या, सोप्या ऑक्सरने करा. तो आत्मविश्वासाने आत जातो. उतावळा असेल तर व्हर्टिकलने, म्हणजे तो विचार करत आत जातो. शेवटची उडी आणि प्रवेश यांच्यात तीन मिनिटांहून जास्त अंतर पडू देऊ नका.

वर्ग १.४० किंवा कमी उंचीचा असेल तर एफईआयच्या नियमाप्रमाणे सरावाचा अडथळा वर्गातल्या अडथळ्यापेक्षा १० सेंटिमीटरहून जास्त उंच करता येत नाही. तरुण घोड्यासाठी तेवढाही करू नका. लाल झेंडा उजवीकडे, पांढरा डावीकडे, आणि उडी त्याच दिशेने. जमिनीलगतचा पोल फक्त अडथळ्याच्या पलीकडे ठेवला तर घोडा अंतर चुकवतो, कारण तो उठायची जागा त्या पोलवरूनच ठरवत असतो. खाली उभ्या असलेल्या माणसाने हे पाहायचं असतं, तो मोबाइलवर असतो.

वॉर्म-अपमध्ये चांगली उडी झाली की 'आणखी एकदा' हे शब्द उच्चारू नयेत. ती आणखी एक उडी रिंगणातल्या शेवटच्या अडथळ्यावर वजा होते.

घंटा वाजल्यावर लगेच निघायचं का?

नाही. घंटेनंतर सुरुवातीची रेषा ओलांडायला ४५ सेकंद असतात. ते वापरा. बुजण्याची शक्यता असलेल्या अडथळ्याच्या बाजूने ट्रॉटमध्ये जा, पण थांबून घोड्याला तो अडथळा दाखवू नका, त्यासाठी बाद करतात. मग कॅंटर घ्या आणि लय सापडल्यावरच पहिल्या अडथळ्याकडे वळा.

घोडा अडला तर काय करू?

आधी कारण ओळखा, कारण उपाय त्यावर आहे. लांबूनच मान वर करून, वेग कमी करत अडला तर त्याला अडथळ्याची भीती वाटली. त्याला वर्तुळ घेऊन जोरकस कॅंटरने, पण सरळ रेषेत परत आणा. शेवटच्या स्ट्राइडला घसरत थांबला तर अंतर चुकलं, बहुतेक स्वाराचं. अशा वेळी चाबूक मारणं म्हणजे तुमच्या चुकीची शिक्षा त्याला देणं. बाजूने पळाला तर तो ज्या बाजूला पळाला त्याच्या विरुद्ध दिशेला वळवा, तरच त्याला कळतं.

आणखी एक कारण कमी जणांना माहीत असतं. घोड्याच्या डोळ्यांची रचना अशी की कपाळाच्या अगदी समोर त्याला दिसत नाही. अडथळा जवळ आल्यावर तो मान थोडी उचलून, तोंड पुढे करून अंतर मोजतो आणि उठताना आठवणीवर उडी मारतो. त्या दोन-तीन स्ट्राइडमध्ये तुम्ही लगाम आवळून मान छातीशी बांधून ठेवली तर त्याला मोजताच येत नाही. मग तो अडतो, आणि त्याचं बरोबर असतं.

नियमाने बाद झालात तरी परीक्षकांनी परवानगी दिली तर एक सोपा अडथळा ओलांडून बाहेर या. नाही दिली तर वॉर्म-अपमध्ये छोट्या फुलीवर जाऊन या.

पोल पुन्हा पुन्हा पडतो. का?

कोणत्या पायाने पडतो ते व्हिडिओवर पाहा. डोळ्यांना जे दिसलं त्यावर विश्वास ठेवू नका.

पुढच्या पायाने : घोडा अडथळ्याच्या फार जवळ गेला, किंवा कॅंटर सपाट आणि वेगवान झाला, किंवा स्वार घोड्याच्या आधीच पुढे झुकला आणि त्याच्या खांद्यांवर ओझं आलं. तिसरं कारण सगळ्यात जास्त, आणि मान्य सगळ्यात कमी. घरी उपाय : व्हर्टिकलच्या आधी कॅंटरमध्ये २.७० ते ३ मीटरवर जमिनीवर पोल. तो घोड्याला योग्य जागी उठवतो आणि स्वाराला वाट पाहायला लावतो.

मागच्या पायाने : घोडा लांबून उठला, किंवा उडीच्या माथ्यावर लगामाचा झटका तोंडाला बसला, किंवा स्वार हवेत असतानाच खोगिरावर बसला. यातलं काहीच नसेल आणि पूर्वी न पाडणारा घोडा अचानक पाडू लागला असेल तर पाठ, मागचा गुडघा आणि खोगिराची बसण तपासा. चार ते सहा वर्षांत घोड्याची पाठ इतकी बदलते की वसंतात बसलेलं खोगीर शरदात टोचायला लागतं. तंग एका भोकाने जास्त आवळावा लागतोय की कमी, हे मोतद्दाराला विचारा. त्याला मालकाआधी कळलेलं असतं.

पायाला काठी मारून, पोल वर उचलून घोड्याला 'सावध' करण्याचे प्रकार एफईआयच्या नियमात बंदी असलेले आहेत आणि तरुण घोड्यावर ते उलटतात. तो अडथळ्यावर विश्वास ठेवणंच सोडतो.

पाण्याच्या अडथळ्याची तयारी कधीपासून?

लिव्हरपूल, म्हणजे पोलखालची निळी पाट, पाचव्या वर्षी येतेच. मोकळं रुंद पाणी सहसा त्यानंतर. निळी ताडपत्री ४० सेंटिमीटर रुंद घडी करून जमिनीवर टाका, हाताने धरून त्यावरून चालवा, मग बाजूला दोन पोल ठेवून ट्रॉटमधून, मग ६० सेंटिमीटरच्या पोलखाली. वाऱ्याने कोपरा उडू नये म्हणून कडा वाळूने दाबा. एका दुपारी उडालेल्या कोपऱ्याने महिन्याची मेहनत जाते.

वर्षाला किती स्पर्धा?

४ वर्षांच्या घोड्याला सहा ते आठ दौरे पुरे, प्रत्येकात एक किंवा दोन फेऱ्या. ५ ला दहा-बारा. ६ आणि ७ ला जास्त, पण तीन सलग आठवड्यांनंतर एक पूर्ण आठवडा कुरणात किंवा नुसत्या रपेटीवर. हे आकडे नियमपुस्तकातले नाहीत, अनुभवाचे आहेत. ज्या घोड्याला प्रत्येक दौऱ्यानंतर वजनात फरक दिसतो त्याचे दौरे कमी करा.

जंप-ऑफमध्ये, म्हणजे बरोबरी सोडवायच्या घड्याळाविरुद्धच्या फेरीत, वेगाने जायचं का?

५ वर्षांच्या घोड्याला नाही. वळण आखूड घ्यायचं असेल तर घ्या, पण कॅंटर तोच ठेवा. घोड्याला वेगाने जायला शिकवायला एक दुपार लागते, वेगात थांबायला शिकवायला हंगाम. ७ वर्षांचा तयार घोडा असेल आणि मोठ्या वर्गाच्या तयारीत असेल तर महिन्यातून एखाद वेळी चालेल.

फेरी झाल्यावर पायांचं काय?

श्वास उतरेपर्यंत चालवा. मग बूट काढून गुडघ्याखाली दहा-पंधरा मिनिटं थंड पाणी. पायावरून हात फिरवून उष्णता आणि सूज तपासा, आणि रोजच तपासा, म्हणजे फरक कळेल. दुसऱ्या दिवशी सकाळी बांधलेल्या पट्ट्या काढल्यावर तासाभराने कडक जमिनीवर हाताने धरून ट्रॉट करवा. थोडी जरी लंगड दिसली तरी त्या दिवशीची फेरी नाही, कितीही लांबून आला असलात तरी.

सगळ्यात मोठ्या स्पर्धा कोणत्या?

बेल्जियममधल्या लानाकेन इथे झांगरशाइडच्या मैदानावर ५, ६ आणि ७ वर्षांच्या घोड्यांचं जागतिक प्रजनन अजिंक्यपद होतं, १९९२ पासून. तिथे देशांइतकेच घोड्यांच्या वंशनोंदी ठेवणाऱ्या संस्थांचे झेंडे महत्त्वाचे. जर्मनीत वॉरेंडॉर्फची बुंडेसचॅम्पियोनाट, फ्रान्समध्ये फॉंतेनब्लोचा प्रजनन सप्ताह, आयर्लंडमध्ये डब्लिन हॉर्स शोचे तरुण घोड्यांचे वर्ग. ब्रीडर, विकत घेणारे आणि स्वार तिथे एकाच कठड्याला टेकून उभे असतात.

माझा घोडा ६ वर्षांचा आहे आणि अजून एकही स्पर्धा झालेली नाही. उशीर झाला का?

नाही. फक्त ६ वर्षांच्या वर्गात १.२० ला उतरू नका. वयाची अट नसलेल्या १.०० च्या साध्या वर्गांत तीन-चार फेऱ्या करा, निर्दोष आणि निवांत झाल्या की १० सेंटिमीटर वर. ऑलिम्पिकच्या शोजंपिंगसाठी घोडा किमान ९ वर्षांचा लागतो, म्हणजे नियम करणाऱ्यांनाही घाई नाही. त्याचा ६ वर्षांचा वर्ग चुकला तर चुकला. पुढच्या वर्षी ७ वर्षांच्या वर्गाची यादी निघते तेव्हा त्याची फेरी १.२० ला स्थिर झालेली असेल तर नाव द्या, नसेल तर साध्या वर्गांतच राहू द्या.